चित्र फिकट दिसते : दुरुस्ती प्लेअरवर की टीव्हीवर?

प्रश्न : एचडीएमआय केबलने जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरवर चित्रपट लावला की काळा रंग राखाडी दिसतो आणि संपूर्ण चित्र फिकट वाटते. जुन्या डीव्हीडींवरील माणसे तर आडवी ताणल्यासारखी दिसतात. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट प्लेअरच्या मेनूतही आहेत आणि टीव्हीच्याही. बदल कोठे करावेत?

उत्तर : प्लेअरमधील चित्राच्या सर्व सेटिंग्ज ‘स्टँडर्ड’वर किंवा शून्यावर ठेवाव्यात आणि बदल फक्त टीव्हीवर करावेत. एकच गोष्ट दोन ठिकाणी बदलली, तर एका उपकरणात गमावलेला तपशील दुसऱ्याला परत आणता येत नाही.

मात्र ब्राइटनेसला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी, कारण आपण सांगता ते लक्षण बहुधा तिचेच आहे. नेहमीच्या आठ बिटच्या, म्हणजे उजेडाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असलेल्या व्हिडिओत काळ्या रंगाची पातळी १६ आणि पांढऱ्याची २३५ असते, तर संगणकाच्या चित्रात हीच मर्यादा ० ते २५५ असते. प्लेअर पहिल्या पद्धतीने चित्र पाठवत असेल आणि टीव्ही दुसऱ्या पद्धतीची अपेक्षा करत असेल, तर १६ ही पातळी टीव्हीला राखाडी वाटते आणि चित्र फिकट पडते. याउलट घडले, तर अंधारातील सगळा तपशील काळ्यात बुडून जातो. टीव्हीच्या मेनूत ही सेटिंग ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ अशा नावाने असते. दोन्ही उपकरणांवर ती ‘लिमिटेड’ (म्हणजे १६ ते २३५) अथवा ‘ऑटो’ ठेवावी. काही टीव्हींवर ‘लिमिटेड’ऐवजी ‘लो’ असे लिहिलेले असते.

त्यानंतर काळोखाचे एखादे दृश्य थांबवून ब्राइटनेस इतका कमी करावा की गडद कपड्यांच्या चुण्या नाहीशा होतील, आणि मग त्या जेमतेम दिसू लागेपर्यंत तो वाढवावा. कॉन्ट्रास्टसाठी ढगांचे किंवा पांढऱ्या शर्टाचे दृश्य घ्यावे आणि त्यातील छटा पुसल्या जाण्याच्या अलीकडेच थांबावे. ही जुळवणी आपण ज्या उजेडात चित्रपट पाहता, त्याच उजेडात करावी. शार्पनेस वाढवल्याने नवा तपशील मिळत नाही, फक्त कडांभोवती पांढरट रेघा उमटतात. म्हणून तो कमीच बरा.

ताणलेल्या चित्राचे कारण वेगळे आहे. पाल (भारतात चालणारी टीव्हीची पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर ४:३ आणि १६:९ ही रुंदी-उंचीच्या दोन्ही प्रमाणांची चित्रे ७२० बाय ५७६ बिंदूंतच साठवलेली असतात; ती कोणत्या प्रमाणात दाखवायची, याची खूण वेगळी नोंदलेली असते. प्लेअरमध्ये ‘टीव्ही टाइप’ १६:९ निवडावा आणि ४:३ चित्र मूळ प्रमाणातच राहील असा पर्याय असल्यास तोही चालू करावा. तो नसल्यास टीव्हीच्या रिमोटवरून ४:३ निवडावे. डाव्या-उजव्या बाजूंना काळे पट्टे दिसतील, पण चित्र मूळ प्रमाणात दिसेल.