शोषखड्डा आणखी खोल नको, उथळ चर घ्या

प्रश्न: घराच्या सांडपाण्याचा शोषखड्डा दोन वर्षांतच तुंबला. पाणी वर येतं, वास सुटतो. आणखी खोल खणू का? मातीतून सांडपाणी शुद्ध करण्याचं प्रशिक्षण आहे, त्याला जाऊन उपयोग होईल का? हे पाणी भाजीपाल्याला चालेल का?

उत्तर: खोल अजिबात खणू नका. पाणी दिसेनासं होईल, पण शुद्ध होणार नाही. घाण खाऊन संपवणारे जीवाणू मातीच्या वरच्या, हवा खेळत्या थरात राहतात. तिथून पाणी हळूहळू झिरपतं तेव्हा रोगजंतू मातीच्या कणांना चिकटून मरतात, स्फुरदही बरंचसं अडतं. खोल खड्ड्यात हवा नसते आणि तळ भूजलाजवळ पोचतो. तेच पाणी मग विहिरीत उतरतं. म्हणून उथळ, लांब चर घ्या. चराच्या तळापासून पावसाळ्यातल्या भूजलापर्यंत निदान १ मीटर कोरडी माती हवी. नायट्रेट, म्हणजे सांडपाण्यातल्या नत्रापासून होणारा विरघळणारा क्षार, मात्र माती धरून ठेवत नाही, ते पाण्याबरोबर वाहत जातं. त्यामुळे चर विहिरीपासून ३० मीटर तरी दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवा.

आता तुंबण्याचं कारण. सेप्टिक टाकी नसेल किंवा तिच्या तळाला बसलेली मळी वेळेवर उपसली नसेल, तर गाळ आणि तेलकट साय थेट मातीत जाते. तळाला काळा, बुळबुळीत थर धरतो. हा थर पातळ असेल तर चांगलाच, पाणी सावकाश मुरतं. जाड झाला की माती बंद. मळी आणि साय मिळून टाकीचा एक तृतीयांश भाग व्यापला की टाकी उपसायची, साधारण ३ ते ५ वर्षांनी. यंत्राने उपसून घ्या. टाकीत कोणीही उतरू नये, तिथल्या विषारी वायूने क्षणात माणूस जातो. चर दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा. काही महिने कोरडा राहिला की तो काळा थर आपोआप कुजून विरतो.

प्रशिक्षणाला जरूर जा, आणि चाचणीसाठी खणलेल्या खड्ड्यातली माती वाचायला शिकवतात तो दिवस चुकवू नका. मला स्वतःला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. कंबरभर खड्ड्यात उतरून भिंत नीट पाहायची. करड्या मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर वर्षातले काही दिवस तिथपर्यंत पाणी चढतं, मग आज ती जागा कितीही कोरडी दिसो. ओली माती अंगठा आणि बोटात दाबून पट्टी काढायची. पट्टी ५ सेंटिमीटरपेक्षा लांब निघाली तर भारी चिकणमाती, पाणी मुरणं कठीण. पट्टी होतच नसेल तर रेताड, पाणी न गाळता पळणार. मग झिरप चाचणी: साधारण ३० सेंटिमीटर खोल भोक रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी पाणी भरून पातळी किती वेळात उतरते ते मोजायचं. २.५ सेंटिमीटर उतरायला तासापेक्षा जास्त लागला, तर साधा चर तिथे चालणार नाही. आधी भिजवण्याचा कंटाळा करू नका, कोरडी माती सुरुवातीला भराभर पाणी पिते आणि फसवते. चिकणमाती ओली असताना चरही खणू नका. फावड्याने भिंती लिंपल्यासारख्या होतात आणि छिद्रं बुजतात.

चरावर गवत राहू द्या, झाडं नकोत, मुळं चरात पाणी सोडणाऱ्या नळीत शिरतात. ट्रॅक्टर किंवा जनावरं वरून नेऊ नका, दबलेली माती पाणी घेत नाही.

भाजीपाल्याचं म्हणाल, तर संडासाचं पाणी कोणत्याच भाजीला नको. कपडे धुतलेलं पाणीही कच्च्या खायच्या भाज्यांना नको. फळझाडाच्या बुंध्याशी दिलंत तरी रोज त्याच झाडाला देऊ नका. पावडरीत सोडियम असतो. भारी जमिनीत तो साठला की मातीचे कण सुटे होतात, वर कडक पापडी धरते आणि पाणी मुरायचं थांबतं.