वाचकांचे प्रश्न : दुसरा अंक वेळेवर कसा काढायचा?

स्वतःच्या पैशांनी कॉमिक्स छापणाऱ्यांकडून या वेळी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे नागपुरातून आली आणि जवळजवळ सगळ्यांची अडचण एकच निघाली: पहिला अंक उत्साहात निघतो, दुसरा रखडतो आणि मधल्या काळात पैसा कुठे अडकला ते कळत नाही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

आम्ही तिघे मिळून ३२ पानांची रंगीत मालिका काढतो. लेखक एक, चित्रकार एक आणि रंग व अक्षरे तिसऱ्याकडे. तिघेही नोकरी करतो. पहिला अंक गणपतीत आला, दुसरा दिवाळीला जाहीर केला होता, पण अजून १४ पाने व्हायची आहेत. दर दोन महिन्यांनी अंक काढणे शक्य आहे का? (धरमपेठ)

एकच चित्रकार आणि तोही नोकरी सांभाळून, तर शक्य नाही. अमेरिकेतले २०-२२ पानांचे मासिक कॉमिक्स दिवसाला साधारण एक पान या वेगावर चालते. तिथे पेन्सिल, शाई, रंग आणि अक्षरे ही कामे बहुधा वेगवेगळ्या लोकांकडे असतात आणि तो त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय असतो. संध्याकाळ आणि रविवार धरून आठवड्याला दोन पक्की पाने झाली तर उत्तम समजा. म्हणजे ३२ पानांना १६ आठवडे. रंगाचे काम शेवटी सुरू करू नका, शाईची पहिली आठ पाने हातात आली की लगेच लावा. अक्षरे आणि तपासणीला एक आठवडा, छपाई आणि बाइंडिंगला तीन आठवडे. एकूण २० आठवडे होतात. वर्षाला दोन अंक सहज निघतील. तीन हवे असतील तर अंक २४ पानांचा करा, मग तोच हिशेब १६ आठवड्यांवर येतो.

उशीर कुठे होतो तेही पाहा. चित्रकार पाने क्रमाने काढतो, गर्दीची किंवा लढाईची अवघड पाने आली की थबकतो आणि महिना तिथेच जातो. आधी सगळ्या ३२ पानांचे छोटे कच्चे आराखडे काढा आणि त्यातली अवघड पाने पहिल्या एकतृतीयांश वेळातच उरका. संवादांतले बदल आराखड्यावर करा. शाई झाल्यावर लेखकाने संवाद वाढवला की संवादाचा फुगा मोठा होतो आणि कुणाचे तरी डोके झाकले जाते. मराठीत वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमधले अंतर जास्त लागते. फुग्याची जागा पेन्सिलीतच आखून घ्या.

अक्षरांवर वेळ जातो तो आणखी एका कारणाने. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरे बिघडतात. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर (अक्षरे जुळवणारी सोय) निवडलेला नसेल तर ‘क्षितिज’मधल्या दोन्ही वेलांट्या चुकीच्या जागी जाऊन बसतात. एका पानावर तपासून समाधान मानू नका, सगळी पाने वाचा. प्रेसला फाइल देताना अक्षरांचे आउटलाइन करा (म्हणजे अक्षरांचे चित्र होते आणि प्रेसला फॉन्ट लागत नाही), पण संपादन करता येईल अशी प्रत स्वतःकडे ठेवा. अक्षरे फक्त काळ्या रंगात, वेगळ्या लेयरवर ठेवा. चार रंगांत मिसळलेले काळे अक्षर प्लेट (छपाईचा पत्रा, प्रत्येक रंगाचा वेगळा) केसभर सरकली तरी पुसट दिसते. शिवाय प्लेट निघाल्यावर शुद्धलेखनाची चूक सापडली तर काळ्याची एकच प्लेट बदलून भागते.

राहिली तारीख. सगळी चित्रे पूर्ण होऊन फक्त अक्षरे आणि छपाई उरली की मगच ती जाहीर करा. नवी मालिका सुरू करणाऱ्यांना आमचा आग्रह आहे की दुसरा अंक पूर्ण आणि तिसरा निम्मा काढून झाल्याशिवाय पहिला बाजारात आणू नका. वाचक सहा महिने थांबतो. दोनदा तारीख हुकली की तो विचारायचा थांबतो आणि दुकानदार दुसऱ्यांदा जागा देत नाही.

प्रेसवाले म्हणतात, ५०० ऐवजी १००० प्रती घ्या, फारसा फरक पडत नाही. खरे आहे का? (इतवारी)

छपाईपुरते खरे आहे. ऑफसेटमध्ये प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च ५०० प्रतींना जेवढा, तेवढाच १००० ला. क्राउन १/४ आकार (साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंच) घ्या. २०×३० इंची एका कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पाने बसतात, म्हणजे ३२ पानांना प्रतीमागे दोन कागद. १००० प्रतींना २००० कागद, म्हणजे चार रिम, आणि वर वाया जाणारा कागद. पूर्ण कागद घेणारे मशीन असेल तर आतल्या पानांना १६ प्लेटा लागतात, कव्हरला चार. कागद अर्धा कापून छोट्या मशीनवर छापला तर आतल्याच ३२ होतात. म्हणून दर विचारण्याआधी मशीन कोणते ते विचारा. दोन प्रेसच्या कोटेशनमधला फरक बरेचदा यातूनच येतो.

फरक पडतो तो विक्रीत. उदाहरणादाखल आकडे घेऊ, तुम्ही आपल्या प्रेसचे दर टाकून पाहा. ५०० प्रतींचा खर्च ३४,००० रुपये, १००० चा ४८,०००. छापील किंमत १२०. वितरकाला ४० टक्के सूट दिली की हातात ७२ येतात. समजा वर्षभरात ४५० प्रती खपल्या. सगळ्या वितरकामार्फत गेल्या तर जमा ३२,४००. म्हणजे ५०० छापल्या असतील तर तोटा १,६०० आणि १००० छापल्या असतील तर १५,६००. त्याच ४५० प्रती स्वतः पूर्ण किमतीला विकल्या तर जमा ५४,०००, म्हणजे पहिल्या बाबतीत २०,००० उरतात आणि दुसऱ्यात ६,०००. तेव्हा स्वतःच्या हाताने किती प्रती विकाल, याचा प्रामाणिक अंदाज आधी घ्या आणि प्रतींचा आकडा त्यावरून ठरवा. प्रतीमागचा खर्च कमी दिसतो म्हणून जास्त छापलेला गठ्ठा घरातली जागा खातो आणि दुसऱ्या अंकाचे पैसेही.

मालिकेत दुसऱ्या अंकाचा खप पहिल्यापेक्षा कमी होतो, हे जगभर दिसते. दुसरा कमी छापा. पहिला मात्र कायम हाताशी हवा, कारण नवा वाचक सुरुवातीचाच अंक मागतो. शे-दीडशे प्रतींचीच खात्री असेल तर सरळ डिजिटल छपाई करा. प्रत महाग पडते, पण अडकत काही नाही. फक्त एक छापील प्रूफ पाहून घ्या. स्क्रीनवरचा गडद निळा कागदावर जांभळ्याकडे झुकतो.

वितरकाने ३०० प्रती नेल्या, पाच महिने झाले, हिशेब नाही. फोन केला की ‘विक्री सुरू आहे’ म्हणतात. पुढचा अंक छापायला पैसे कुठून आणायचे? (महाल)

तुमच्या ३०० प्रती परतीच्या बोलीवर गेल्या आहेत. अशा व्यवहारात वितरकाने माल नेला म्हणजे विकत घेतला असे नाही. खप झाल्यावर पैसे मिळतात, उरलेले परत येते. त्यामुळे पाठवलेल्या प्रती विक्रीच्या रकान्यात लिहूच नका. वहीत प्रत्येक दुकानाचे एक पान करा: दिल्या, खपल्या, परत आल्या, शिल्लक. पुढच्या अंकाची छपाई ‘खपल्या’ आणि पैसे आले, त्याच रकमेवर ठरवा.

आता त्यांना लेखी पत्र किंवा ईमेल पाठवा. आजवरचा हिशेब आणि न खपलेल्या प्रती अमुक तारखेपर्यंत परत, एवढेच स्पष्ट लिहा. पुढच्या वेळी माल देताना चलनावर सही घ्या आणि त्यावरच लिहा: सूट किती, हिशेब दर तीन महिन्यांनी, परतीची मुदत सहा महिने, कोपरे दुमडलेल्या प्रती परत घेणार नाही, वाहतूक कुणाच्या खर्चाने. एकदम ३०० देऊ नका. नागपुरात तर वितरकाची गरजही कमी आहे. बर्डी, सदर, धरमपेठेतल्या दुकानांत प्रत्येकी दहा प्रती ठेवा आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन मोजा. कॉमिक्सला कणा नसेल, मधे नुसती पिन असेल, तर कपाटात उभे ठेवल्यावर ते दिसतच नाही. काउंटरवर दर्शनी ठेवायला सांगा, त्यासाठी छोटा स्टँड स्वतःच द्या.

काही जणांनी विचारले आहे की अमेरिकेसारखी पद्धत आपल्याकडे का नाही. तिथे कॉमिक्सची खास दुकाने कॅटलॉग पाहून दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवतात. माल सहसा परत घेतला जात नाही, त्याच्या बदल्यात सूट जास्त मिळते. प्रकाशकाला छपाईआधीच आकडा कळतो. तारीख फार चुकली तर मात्र दुकानदाराला परत करण्याची मुभा मिळते, म्हणून तिथे वेळ पाळणे हा थेट पैशांचा प्रश्न आहे. ती व्यवस्थाही निर्धोक नाही. डायमंड ही तिथली जुनी मोठी वितरक कंपनी जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिच्या गोदामात विक्रीसाठी ठेवलेल्या छोट्या प्रकाशकांच्या मालावरून वाद उभा राहिला. सगळा साठा एका वितरकाकडे ठेवायचा नाही, हे आपणही पाळावे.

त्या पद्धतीतली आगाऊ मागणी आपल्याला घेता येते. फाइल प्रेसला द्यायला तयार झाली की १५ ते २१ दिवस आगाऊ नोंदणी घ्या, नोंदवणाऱ्याला चित्रकाराच्या सहीची प्रत द्या. १८० प्रती नोंदल्या गेल्या तर ४०० छापायला हरकत नाही. ४० वर थांबल्या तर डिजिटलकडे वळा. नोंदणीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. चित्रे अपुरी असताना नोंदणी घेऊ नका, ते वाचकाकडून घेतलेले कर्ज ठरते.

नागपुरात अंक काढायला कोणता काळ चांगला? (प्रतापनगर)

दिवाळी टाळा. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत प्रेस दिवाळी अंकांत गुंतलेल्या असतात आणि तुमचे ५०० प्रतींचे काम पुन्हा पुन्हा मागे पडते. वाचकाचा पुस्तकांचा पैसाही त्या महिन्यात दिवाळी अंकांकडे जातो. लहान मुलांसाठी कॉमिक्स असेल तर आम्ही तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा लाकडी बैलांचा सण, सुचवू. मुले घराबाहेर, मोहल्ल्या-मोहल्ल्यात बैल सजवण्याच्या स्पर्धा आणि बक्षीस म्हणून द्यायला आयोजकांना स्वस्त, रंगीत वस्तू हवी असते. एकेका मंडळाला २५-३० प्रतींचा गठ्ठा जाऊ शकतो. त्यासाठी फाइल जुलैच्या सुरुवातीला प्रेसमध्ये हवी आणि आयोजकांशी बोलणे त्याहून आधी. पावसाळ्यात कागद ओल धरतो, शाई सुकायला वेळ लागतो. घाईने घडी घातली तर समोरच्या पानावर डाग उमटतात, म्हणून दोन दिवस जास्तीचे धरा.

उन्हाळ्याची सुट्टी दुसरा चांगला काळ. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर उघडतात, त्यामुळे इथे जूनचा मोठा भाग मोकळा मिळतो. मात्र मे महिन्यात दुपारच्या कार्यक्रमाला कुणी येणार नाही, संध्याकाळी सहानंतरचेच ठेवा.

विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांची प्रचंड विक्री होते. तिथे येणारा वाचक पुस्तक घ्यायचे ठरवूनच येतो. विषय त्या वाचकाचा असेल तरच जा, निव्वळ गर्दी पाहून नको. स्टॉलची चौकशी काही महिने आधी करा. गर्दीत मोबाइल नेटवर्क अडते, यूपीआयवर विसंबू नका, सुट्टे पैसे ठेवा. किंमत १२० ऐवजी सरळ १०० ठेवली तर रांग लवकर सरकते.

टपालाने पाठवायला परवडत नाही. कुरिअर तर प्रतीइतकेच पैसे घेते. (हिंगणा रोड)

कुरिअरचा सर्वांत खालचा टप्पा बहुधा ५०० ग्रॅमचा असतो आणि तुमचे कॉमिक्स त्यापेक्षा खूप हलके. क्राउन १/४, ९० जीएसएमची (चौरस मीटरला ९० ग्रॅम कागदाची) ३२ पाने आणि २५० जीएसएमचे कव्हर धरून एक प्रत साधारण ८६ ग्रॅम भरते. टपाल खात्याने २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू केली. सुरू होताना दर होते ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५०० पर्यंत २५, एक किलोपर्यंत ३५, वर कर. दोन प्रती आणि पुठ्ठा ३०० च्या आत बसतात, तीन प्रतींचे पाकीट बहुधा ओलांडते. चार प्रतींचा संच ५०० च्या आत जातो, म्हणून संचच विका.

अटी मात्र नीट वाचा. ठराविक मुदतीने निघणारी नियतकालिके, व्यापारी स्वरूपाची प्रकाशने आणि जाहिराती असलेली पुस्तके यात बसत नाहीत. प्रतीवर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव लागते. ‘द्वैमासिक’ छापलेला किंवा मागच्या कव्हरवर दुकानाची जाहिरात असलेला अंक अडू शकतो, एकत्रित खंडाला ती अडचण कमी. पहिली खेप पाठवण्याआधी सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत (मुख्य टपाल कार्यालयात) एक प्रत दाखवून विचारून घ्या.

आयएसबीएन आणि जीएसटीचे काय करायचे? (मनीषनगर)

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. प्रत्येक पुस्तकाला आणि ई-आवृत्तीला वेगळा क्रमांक लागतो. कव्हर पक्के होण्याआधी अर्ज करा, नाहीतर बारकोडसाठी छपाई थांबते. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे छपाईच्या बिलावर भरलेला करही वजा मिळत नाही. तो खर्चातच धरा. फक्त पुस्तके विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. स्टॉलवर टी-शर्ट, मग, स्टिकर ठेवले की चित्र बदलते, त्याआधी सीएशी बोला.

ग्रंथालयांना विकायचे असेल तर पिन मारलेले सुटे अंक नेऊ नका. चार अंकांचा १२८ पानांचा, कण्यावर नाव असलेला खंड जानेवारीच्या सुरुवातीला तयार ठेवा, कारण बरीच खरेदी मार्चअखेरच्या आधी उरकली जाते. आणि १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसेच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. छपाईचा आकडा ठरवताना या चार प्रती वेगळ्या धरा.