ऑटोमॅटिक फोनवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो फोन जाण्याआधीच

तुम्ही लिहिलंय की फोंड्यात तुमचं वॉटर फिल्टर आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. सर्व्हिसची आठवण करून देणारे ऑटोमॅटिक फोन सुरू केलेत, पण लोक ‘नमस्कार’ ऐकताच कापतात आणि काहींनी तर नंबरच ब्लॉक केलाय. मी म्हापशाला दुचाकींच्या एका सर्व्हिस सेंटरचं ऑफिस सांभाळते. आमचेही असे फोन जातात, म्हणून लिहिते.

आधी एक कबूल करून टाका: कापणारा माणूस शहाणा आहे. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, अधिक माहितीसाठी नऊ दाबा’ असले रेकॉर्डेड फोन ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नावाने इतके आले की आपण असे फोन करत नाही, हे ट्रायला स्वतः जाहीर करावं लागलं. कुणाला फोन लावला तरी रिंगच्या आधी सायबर फसवणुकीची सूचना ऐकून लोकांचे कान किटले. अशात अनोळखी नंबरवरून यंत्र बोलायला लागलं, तर आपल्या घरच्या म्हाताऱ्यांनाही आपण हेच सांगतो ना, की कापून टाका म्हणून?

तेव्हा लोकांचा संशय घालवायच्या मागे लागू नका. फक्त आपला फोन ठगाच्या फोनसारखा असू नये. ठगाला चार गोष्टी हव्या असतात: ओटीपी, पैसे, लिंकवर बोट आणि घाई. यातलं काहीही तुमच्या फोनने मागायचं नाही, ‘लकी ऑफर आजच संपतेय’ हेसुद्धा नाही. आमचा फोन साधारण असा असतो:

‘नमस्कार, म्हापशाच्या सर्व्हिस सेंटरमधून हा रेकॉर्ड केलेला फोन आहे. शेवटचे आकडे अमुक असलेली तुमची स्कूटर तयार आहे. संध्याकाळी सहापर्यंत केव्हाही न्या. पैसे काउंटरवरच द्यायचे, फोनवर काही मागणार नाही. बोलायचं असेल तर याच नंबरवर उलट फोन करा.’

संपलं. कुठल्या फोन नंबरवाल्याची कुठली गाडी आमच्याकडे आलीय, हे सहसा आम्हाला आणि मालकालाच माहीत असतं, त्यामुळे तेवढ्याने माणूस ऐकून घेतो. तुम्ही फिल्टरचं किंवा वॉशिंग मशीनचं मॉडेल किंवा मागच्या सर्व्हिसचा महिना सांगू शकाल. पूर्ण नाव-पत्ता मात्र नको. आपली सगळी कुंडली परक्याकडे आहे असं वाटलं की लोक उलट दचकतात.

सगळ्यात जास्त जीव लावा तो शेवटच्या वाक्यात. उलट फोन केला तर माणूस भेटलाच पाहिजे. बहुतेक ठिकाणी काय होतं, यंत्राचा नंबर एकमार्गी असतो. गिऱ्हाईक परत फोन करतं तर ‘हा नंबर अस्तित्वात नाही’. त्या क्षणी तुम्ही आणि ठग एकाच रांगेत. आमच्याकडे पहिल्यांदा फोन गेला की बरेचजण खात्री करायलाच उलट फोन करतात आणि काउंटरवरच्या मुलीचा आवाज ऐकून ‘हां, तूच गो, बरं बरं’ म्हणून ठेवतात. पुढच्या वेळी तेच लोक फोन पूर्ण ऐकतात. रेकॉर्डिंगही तिच्याच आवाजात आहे. हल्ली मध्येच ‘हं, हं’ करणारे, माणूस असल्याची बतावणी करणारे एआय आवाज विकायला येतात. मी तरी ते घेणार नाही. एकदा गिऱ्हाइकाला कळलं की आपण यंत्राशी घरगुती बोलत बसलो, की दुकानाची पत गेली.

पायाभरणी मात्र काउंटरवर होते. बिल देताना सांगायचं की ‘सहा महिन्यांनी या नंबरवरून फोन येईल, रेकॉर्डेड असेल’, आणि तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला लावायचा. फोन नको म्हणणाऱ्याची नोंद तेव्हाच करायची. बिलावरचा नंबर कुणाचा तेही विचारा. गोव्यात तो बोटीवर किंवा आखातात असलेल्या मुलाचा निघतो, आणि फिल्टर असतो आईच्या स्वयंपाकघरात.

नियमांचं थोडक्यात सांगते. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून, नोंदणी करूनच करायचे असतात. १६०० ची मालिका सेवेच्या फोनसाठी आहे. आधी ती सरकार, बँका, विमा यांच्यासाठी आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही बँकांना ती वापरायला सांगितलं. साध्या दहा आकडी मोबाइलवरून यंत्राने जाहिराती करू नका. ट्रायच्या नियमांत फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी नोंदणी नसलेल्यावर कारवाई होते, आणि १९०९ वर तक्रार करणं सोपं आहे. ऑटो डायलरचंही, म्हणजे आपोआप फोन लावणाऱ्या यंत्रणेचंही, टेलिकॉम कंपनीला आधी कळवावं लागतं. सर्व्हिसच्या आठवणीला ‘नवीन मॉडेलवर सूट’ जोडलीत की ती जाहिरातच झाली.

बारीकसारीक गोष्टीही आहेत. माणसाने ‘हॅलो’ म्हटल्यावर दोन-तीन सेकंद शांतता असेल तर तिथेच फोन कापला जातो, कंपनीकडून ती कमी करून घ्या. दुपारी एक ते चार फोन नको, झोपेतून उठवलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. आम्ही शुक्रवारी सकाळीही टाळतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या गलक्यात कुणाला काय ऐकू येणार? भाषा गिऱ्हाइकाने काउंटरवर वापरली तीच, कोंकणी तर कोंकणी, मराठी तर मराठी. ‘मराठीसाठी दोन दाबा’ ही पाटी वाचत बसलात तर तेवढ्यात माणूस निघून जातो.

ज्यांनी ब्लॉक केलंय त्यांना दुसऱ्या नंबरवरून गाठू नका, ठग नेमकं तेच करतात. त्यांची यादी मेकॅनिकला द्या. तो त्यांच्या वाड्यावर कुणाकडे गेलाच तर जाता जाता विचारून येईल.