शिंगं मोडून वासरात, की शिंगांसकट?

प्रश्न म्हापशाहून आलाय. विचारणारे लिहितात की त्यांची ताई ४३ वर्षांची आहे, नोकरी करते, आणि गेलं वर्षभर ती आपल्या नववीतल्या मुलीची पुस्तकं वाचतेय, म्हणजे दुकानात ज्या कपाटावर 'यंग अडल्ट' अशी पाटी असते तिथली इंग्रजी, आणि जोडीला मराठीतली कुमारांसाठीची पण. भावोजी तिला म्हणतात, 'शिंगं मोडून वासरात शिरलीस.' ती उत्तर देते, 'लहानपण देगा देवा.' तर प्रश्न असे की हा वाक्प्रचार इथे बरोबर बसतो का, ताईने दिलेलं उत्तर बरोबर आहे का, आणि 'यंग अडल्ट फिक्शन'ला मराठीत म्हणायचं तरी काय.

आधी वाक्प्रचार. 'शिंगं मोडून वासरात शिरणे' म्हणजे मोठ्या माणसाने आपलं वय विसरून पोरांसारखं वागणं, त्यांच्यात घुसणं. कधी कौतुकाने म्हणतात, पण बहुतेक वेळा टोमणाच असतो. यातला जोर सगळा 'मोडून' या शब्दावर आहे. शिंगं असलेलं जनावर वासरात वेगळं दिसतं, कुणाला लागेलही, म्हणून आधी शिंगं मोडायची आणि मग आत जायचं. म्हणजे जे मिळवलंय, वाढवलंय, ते टाकून दिल्याशिवाय लहानांत जागा नाही असं ही म्हण धरून चालते.

आता मजा बघा, मराठीत त्या मधल्या वयाला पण शिंगंच आहेत. चौदा-पंधराचा पोरगा उलट बोलायला लागला की आई म्हणते, 'शिंगं फुटलीत तुला.' सत्तरी तालुक्यात माझ्या आजोळी गोठा होता, तिथे मी हे अगदी जवळून बघितलंय. वासराच्या डोक्यावर कानाच्या वर दोन गाठी येतात, हाताला लागतात पण नीट दिसत नाहीत, आणि मग ते वासरू दिवसभर गोठ्याच्या खांबाला डोकं घासत राहतं, आईला ढुशा देतं, आपल्याला देतं, बादलीला देतं. आजोबा म्हणायचे कोंब आलेत, खाज येते त्याला, मारू नका. आमच्या तिथला एक खांब त्या उंचीवर घासून घासून गुळगुळीत झाला होता. मला विचाराल तर किशोरवयाचं इतकं अचूक वर्णन दुसरं नाही. काहीतरी फुटून येतंय, ते काय आहे ते अजून माहीत नाही, खाज तेवढी कळतेय.

आणि 'किशोर' हा शब्दसुद्धा गोठ्यातूनच आलाय, गोठ्यातून नाही तर पागेतून म्हणा. संस्कृतात किशोर म्हणजे घोड्याचं पिल्लू, शिंगरू. अमरकोशात घोड्यांच्या शब्दांतच तो दिलाय. माणसाच्या पोराला तो नंतर लागला. तेव्हा वासरू काय आणि शिंगरू काय, आपल्या भाषेने या वयाकडे नेहमी धडपडणारं, लाथा झाडणारं पिल्लू म्हणूनच बघितलंय.

वयाच्या शब्दांचं एक आहे, ते जागेवर राहत नाहीत. एका जुन्या श्लोकात हिशेब दिलाय तो असा की पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन. आज हे चारही शब्द मराठीत जिवंत आहेत पण सगळे सरकलेत. 'पौगंडावस्था' आपण तेरा ते एकोणीसला म्हणतो, म्हणजे तिसरी-चौथीतल्या पोराचा शब्द उचलून थेट कॉलेजात नेलाय. 'कुमार' पाचावरून बारा-पंधरावर गेला. त्यामुळे 'कुमारसाहित्य' बरोबर की 'किशोरसाहित्य' बरोबर यावर व्युत्पत्ती काढून भांडण्यात काही हशील नाही, वापर काय आहे तेच बघायचं. वापरात 'बालकुमार साहित्य' हा जोडशब्द संमेलनांमुळे रुळलाय, आणि 'किशोर' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बालभारतीचं १९७१ साली सुरू झालेलं मासिक येतं. दोन्हीत गोची एकच, की आठवीच्या पुढचा वाचक त्यात स्वतःला धरत नाही. साहित्य अकादमीचे पुरस्कार बघा. 'बाल साहित्य पुरस्कार'मधला बाल हा वाचक आहे, पण 'युवा पुरस्कार'मधला युवा हा लेखक आहे, पस्तिशीच्या आतला. या दोन्हींच्या मधे जो सोळा वर्षांचा वाचक उभा आहे त्याच्या नावाचं काहीच नाही.

इंग्रजीत पण हा शब्द वाचकांनी केलेला नाही, तो ग्रंथपालांच्या कामकाजातून रुळला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९५७ साली या वाचकांसाठी वेगळा विभाग केला आणि त्याच्या नावात 'यंग अडल्ट' घातलं. त्यात 'अडल्ट' हा मानाचा शब्द आहे, पोरांना पोरं न म्हणण्यासाठी. म्हणून त्याचं शब्दशः 'तरुण प्रौढ' करू नका. मराठीत प्रौढ म्हटलं की प्रौढ शिक्षण आठवतं, तरुण प्रौढ म्हटलं तर कोणीही पस्तीस-चाळीसचा माणूस समजेल.

पण या 'अडल्ट'च्या पोटात एक सुंदर गोष्ट आहे आणि मला मुळात तीच सांगायचीय. 'अडोलसन्ट' आणि 'अडल्ट' हे दोन्ही शब्द लॅटिनच्या एकाच क्रियापदातून आलेत, अर्थ वाढणे. पहिल्याचा अर्थ 'वाढत असलेला', दुसऱ्याचा 'वाढून झालेला'. आपला 'प्रौढ' पण तसाच, प्र अधिक ऊढ, वह् धातूचं भूतकाळी रूप, पुढे वाहून नेलेला, म्हणजे पोचलेला. दोन्हीकडे काम संपलंय, शिक्का मारून झालाय.

मराठी बोलीभाषा मात्र असं मानत नाही. 'वाढतं वय' हा शब्दप्रयोग आपण कुणासाठी वापरतो ते आठवा. 'वाढत्या वयाचा आहे, भूक लागणारच,' हे तेरा वर्षांच्या पोराबद्दल. 'वाढत्या वयात गुडघे धरतात,' हे साठीच्या माणसाबद्दल. शब्द तेच, एका अक्षराचा फरक नाही, आणि ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. 'वाढलेलं वय' फार कमी वेळा म्हणतो आपण. म्हणजे बोलीच्या हिशेबात वय वाढायचं कधी थांबतच नाही, तेराव्या वर्षी पण चालू, त्रेचाळिसाव्या पण चालू. ताई आपल्या मुलीची पुस्तकं वाचते तेव्हा ती मागे जात नाहीये, एक वाढतं वय दुसऱ्या वाढत्या वयाचं वाचतंय.

आणि म्हणूनच 'लहानपण देगा देवा' हे उत्तर पण इथे बसत नाही. तुकोबांच्या त्या ओळीतलं लहानपण म्हणजे बालपण नाहीच. पुढची ओळ बघा, मुंगी साखरेचा रवा, आणि त्यापुढे ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार. मुंगी काही बाळ नसते, ती आकाराने लहान असते. थोरपणाला मार बसतो म्हणून लहान राहू दे, नम्र राहू दे, असं ते मागणं आहे. आपण शाळेच्या गॅदरिंगपासून ती ओळ बालपणाच्या आठवणींना चिकटवत आलोय, आता इतकी चिकटलीय की सुटणार नाही, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

मोठी माणसं ही पुस्तकं का वाचतात याचं 'बालपणाची ओढ' हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. चौदाव्या वर्षात परत जायला सांगितलं तर कोण जाईल हो? गणिताचा पेपर, अंगावरचे फोड, वर्गात सगळ्यांसमोर झालेला अपमान, कुणी जाणार नाही. तरी वाचायला आवडतं, कारण वाचताना शिंगं डोक्यावरच असतात. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ ला आली, नववीतल्या मुकुंदाची गोष्ट. नववीतल्या वाचकाचा सगळा जीव मुकुंदाला आवडणारी शिरोडकर आज दिसेल का यात असतो. चाळिशीतला वाचक पण त्यात अडकतो, पण मागे आणीबाणी चाललीय, घरात मोठी माणसं कशाबद्दल तरी काळजीत आहेत, ज्याच्यावरून मुकुंदा पुढे निघून जातो तिथे मोठा वाचक थांबतो. एकाच पानावर दोन माणसं वाचतायत आणि दोन्ही आपणच. ही जी डबल मजा आहे ती शिंगं मोडली तर मिळणारच नाही.

दुसरं कारण साधं आहे, या पुस्तकांत सगळं पहिल्यांदा होत असतं. पहिल्यांदा खोटं पकडलं जाणं, पहिल्यांदा मित्राने दगा देणं, घरातलं कुणी पहिल्यांदा जाणं. आपल्याला या सगळ्याची सवय झालेली असते, आणि सवय झालेली गोष्ट बिनसवयीच्या माणसाच्या तोंडून ऐकली की ती परत खरी वाटायला लागते. शिवाय लेखकाला पाल्हाळ लावायला वाव नसतो, पंधरा वर्षांचा वाचक कंटाळला की पुस्तक मिटतो, म्हणून गोष्ट पहिल्या पानापासून चालू होते. त्यात काही कमीपणा नाही, ती शिस्त आहे.

आकड्यांत बोलायचं तर २०१२ साली अमेरिकेत बाउकर या पुस्तकबाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपनीला दिसलं की १२ ते १७ वयासाठी म्हणून छापलेली पुस्तकं घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक १८ किंवा त्यावरचे आहेत, त्यात ३० ते ४४ हा गट सगळ्यात मोठा, आणि ही मोठी माणसं ७८ टक्के वेळा स्वतःला वाचायला म्हणून घेतात. ताईसारखे लोक काही एकटेदुकटे नाहीत.

आणि एक बघा. प्रकाश नारायण संतांचा लंपन आजी-आजोबांकडे राहणारा शाळकरी पोरगा, 'वनवास' १९९४ ला आलं, तेव्हापासून मोठी माणसं लंपन वाचतायत, वाचून रडतायत, कुणी त्यांना वासरात शिरलात म्हटलं नाही, कारण ते पुस्तक मोठ्यांच्या कपाटात असतं. तोच पोरगा 'कुमार' पाटीच्या कपाटात ठेवला असता तर टोमणा आला असता. म्हणजे भावोजींची हरकत पुस्तकावर नाही, पाटीवर आहे.

आता आपल्या गोव्याचं एक वेगळं कारण, आणि मला ते सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोंकणी, आणि पाचवीपासून सगळं इंग्रजी. माझं स्वतःचं तेच झालं, चौथीपर्यंत मराठी धडाधड वाचत होतो आणि पाचवीत एकदम इंग्रजीतल्या भूगोलाशी झटापट सुरू झाली, मराठी एक विषय म्हणून उरली. ज्या वयात पुण्या-नाशकाची मुलं मराठीत साहसकथा वाचत होती त्या वयात आमचं मराठी वाचन थांबलेलं होतं. पुढे वीस वर्षांनी परत मराठी वाचायला लागलो तर थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या, मधल्या पायऱ्याच नाहीत. एकोणचाळिसाव्या वर्षी मी पणजीला पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीत, १८३२ पासून चालत आलेली ती लायब्ररी, मुलांच्या विभागात जाऊन बसलो आणि त्या पायऱ्या एकेक करून चढलो. खुर्च्या बुटक्या, शेजारी सहावीतली एक मुलगी पाय हलवत वाचतेय. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, मुलीसाठी काय? म्हटलं नाही, माझ्यासाठी. त्यांनी काही न बोलता पुस्तकावर शिक्का मारला आणि पुढच्या खेपेला गेलो तर मालिकेतलं पुढचं पुस्तक काढून ठेवलेलं. म्हापशाच्या ताईंचं शिक्षण पण असंच झालं असेल तर त्या कुणाच्या वासरात शिरलेल्या नाहीत, त्यांच्या वाटणीचं राहून गेलेलं आत्ता वाचतायत.

तर शब्द. लायब्ररीच्या कपाटासाठी, पुरस्कारासाठी 'कुमार कादंबरी' घ्या, लोकांना कळतो, बारा ते सोळाला पुरतो. 'युवा' नको, त्याला हल्ली राजकारणाचा वास येतो. पण बोलताना, लिहिताना मी 'वाढत्या वयाची कादंबरी' म्हणतो. लांब आहे हे मान्य, पण त्यात वाचकाचं वय सांगितलेलं नाही, गोष्टीतला माणूस वाढतोय एवढंच सांगितलंय, आणि वाचणारा तेराचा असो की त्रेचाळीसचा, त्याला बाहेर ठेवत नाही.

एक गोष्ट मला अजून सापडायचीय. कोंकणीत 'भुरगें' म्हणजे मूल, 'तरणाटो' म्हणजे तरुण, पण या दोघांच्या मधल्याला, ज्याला आजोबा 'कोंब आलेलं' म्हणायचे त्याला, घरात काय म्हणतात? पेडण्याकडे, काणकोणाकडे, अंत्रुजेत कुणाच्या आजीच्या तोंडी एखादा शब्द असेल तर मला हवाय, मराठी असो की कोंकणी, कोणत्या गावचा ते पण सांगा.