वाचकांचे प्रश्न : समुद्रतळावरचे सांगाडे

प्रश्न : समुद्री प्राणी मेल्याबरोबर गाळात गाडला गेला तरच त्याचा जीवाश्म होतो, असं वाचलं. मग काही सांगाडे कातडीच्या ठशासकट अखंड आणि काहींचे नुसते चार मणके, असं का?

उत्तर : ‘मेल्याबरोबर’वर जरा जास्तच भर दिला जातो. जर्मनीतल्या होल्ट्समाडेनच्या सुमारे 18 कोटी वर्षं जुन्या काळ्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या पातळ थरांच्या खडकात) इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखे दिसणारे नामशेष समुद्री सरीसृप, कातडीच्या बाह्यरेषेसह मिळतात. तिथे गाळ साचायचा तो अगदी सावकाश. शव बराच काळ उघडंच पडून राही. पण तळाच्या पाण्यात बहुतेक वेळ प्राणवायू नव्हता, त्यामुळे खायलाही कुणी फिरकत नसे. तरीही चिखलात रुतलेली बाजूच जास्त चांगली टिकते. म्हणून तिथले नमुने सहसा खालच्या बाजूने साफ करतात.

प्राणवायू असला की चित्र पालटतं. खोल समुद्रात देवमासा पडला की शार्क आणि हॅगफिश (मेलेलं खाणारे, ईलसारखे लांबट जीव) काही महिने ते दोन वर्षांत मांस संपवतात. मग हाडांची पाळी. 2002 मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरी उपसागरात ओसेडॅक्स हे किडे सापडले. प्रौढ मादीला ना तोंड ना आतडं; मुळांसारख्या भागातून आम्ल सोडून ती हाड विरघळवते. मात्र तिला उघडं हाड लागतं. गाळात बुडालेला भाग बचावतो.

तुमचे ‘चार मणके’ बहुधा उथळ पाण्यातले. तिथे कुजताना पोटात वायू धरतो आणि शव वर येऊन तरंगतं. वाहत जाताना खालचा जबडा आणि वल्ह्यांसारखे पाय गळून भलतीकडेच पडतात. खोल पाण्यात दाबामुळे वायू फुगत नाही, शव तळालाच राहतं.

प्रश्न : हाडं कुणी खाऊन विस्कटली की प्रवाहाने, हे ओळखता येतं का?

उत्तर : बऱ्याचदा. लांब हाडं एकाच दिशेने लागलेली असतील तर प्रवाहाचा संशय घ्यावा. समांतर ओरखडे दातांचे. त्यांच्या कडा भरून आल्या असतील, तर चावा जिवंतपणीचा. भरल्या नसतील, तर शिकार की मेल्यावर खाल्लं, हे निव्वळ ओरखड्यावरून ठरत नाही; शेजारी शार्कचे तुटके दात मिळाले तरी तेवढ्याने निकाल लागत नाही. हाडावर चिकटलेले कालव आणि बार्नॅकल (खडकांना चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) हाड बराच काळ उघडं होतं हे सांगतात, आणि ते एकाच बाजूला असतील तर दुसरी बाजू गाळात होती. म्हणून हाड उचलण्याआधी वरची बाजू खुणेने नोंदवा, फोटो काढा आणि ते शिंपले घासून टाकू नका.