पिन एक, आकडे तीन

या वेळच्या निम्म्याहून जास्त पत्रांत कठीणपणाच्या आकड्यांवरून झालेले वाद आहेत. तीस वर्षं मी धातूंचे नमुने कापले, घासले, तोडले आणि मोजले. या वादांमुळे चांगला माल भंगारात गेलेला आणि खराब माल यंत्रात बसलेला मी पाहिला आहे. म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा देते.

प्रश्न: आम्ही बाहेरून केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक करण्याची प्रक्रिया) करून आलेल्या १२ मिलिमीटर व्यासाच्या पिना वापरतो. ड्रॉइंगवर कवचाची खोली ०.३ मिलिमीटर आहे. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर ७२० एचव्ही (विकर्स कठीणपणा) लिहिलं आहे. तक्त्याप्रमाणे ते ६१ एचआरसी (रॉकवेल सी स्केलवर) व्हायला हवं, पण आमच्या रॉकवेल यंत्रावर ५४ येतं. तिसऱ्या प्रयोगशाळेनं पिन कापून ३६ एचआरसी दिलं. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. तिघांनी एकाच पिनेत तीन वेगवेगळ्या खोलीचा धातू मोजला आणि तिन्ही उत्तरांना ‘पिनेचा कठीणपणा’ असं एकच नाव दिलं.

तुमची पिन आतून-बाहेरून सारखी नाही, आणि ती तशी नसावी म्हणूनच तिच्यावर प्रक्रिया केलेली आहे. मूळ पोलादात कार्बन जेमतेम ०.२ टक्के असतो. साधारण ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला, कार्बन देणाऱ्या वातावरणात ते ठेवलं की कार्बन वरच्या थरात मुरतो आणि तिथलं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आसपास जातं. मग क्वेंचिंग केलं, म्हणजे तापलेलं पोलाद झटकन थंड केलं की बाहेर झिजेला दाद न देणारं कवच तयार होतं आणि आत धक्का पचवणारा गाभा राहतो. तिसऱ्या प्रयोगशाळेचा ३६ हा त्या गाभ्याचा आकडा आहे. तो चांगला आहे, त्याची काळजी करू नका.

आता ७२० आणि ५४ यांच्याकडे येऊ. विकर्स चाचणीत हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड टेकवतात. त्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधला कोन १३६ अंशांचा असतो. भार १ किलो आणि कठीणपणा ७२० असेल, तर ठशाचा कर्ण ०.०५ मिलिमीटर भरतो. खोली कर्णाच्या साधारण सातव्या हिश्शाइतकी, म्हणजे ७ मायक्रोमीटर. ठशाखालचा धातू मात्र खोलीच्या दहापट अंतरापर्यंत त्या भाराला उत्तर देत असतो. दहापट धरली तरी ०.०७ मिलिमीटर होतात, म्हणजे सगळा मामला कवचातच मिटतो.

रॉकवेलच्या सी स्केलवर हिऱ्याचा शंकू १५० किलो भारानं दाबतात. तिथला एक अंक म्हणजे २ मायक्रोमीटर खोली, आणि मोजणी शंभरावरून खाली येते. तुमचा ५४ म्हणजे ४६ गुणिले २, अर्थात ९२ मायक्रोमीटर. त्याची दहापट जवळपास ०.९ मिलिमीटर होते आणि कवच आहे ०.३ चं. शंकूच्या टोकाखाली कवच कडक असूनही त्याच्याखालचा गाभा दबला आणि यंत्रानं दोघांचा मिळून एक आकडा दिला. गादीवर पातळ फरशी ठेवून फरशीचा कठीणपणा मोजावा, तसं हे झालं. शिवाय तुम्ही पिनेच्या गोल पाठीवर मोजलंत. बहिर्गोल पृष्ठभागावर बाजूचा आधार कमी मिळतो, त्यामुळे वाचन आणखी खाली येतं. त्यासाठी दुरुस्तीचे तक्ते असतात. यंत्राजवळ भिंतीवर तो तक्ता लावलेला नसेल, तर आजच लावा.

पुढच्या ऑर्डरमध्ये नुसतं ‘कठीणपणा ६०’ लिहू नका. पृष्ठभागावर विकर्स, १ किलो भारानं, असं लिहा. आणि प्रत्येक घाणीतल्या (भट्टीत एका वेळी घातलेल्या मालातल्या) एका पिनेचा आडवा छेद घेऊन कडेपासून आत टप्प्याटप्प्यानं घेतलेली वाचनं मागा. कठीणपणा जिथे ५५० एचव्हीपर्यंत उतरतो, ती कवचाची परिणामकारक खोली. वाचनांचा तो उतार कागदावर काढलात की कवच नीट मुरलंय की नुसतंच वरवर बसलंय ते दिसेल.

छेद घेताना एक सांभाळा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी केस हार्डन केलेला एक तुकडा कटिंग व्हीलवर घाईनं कापला. पाण्याची धार चाकावर पडत होती, कापावर नव्हती. कवचात ७०० च्या जागी ५८० आलं आणि ‘घाणी नापास’ असा अहवाल मी सही करून दिला. माझ्या वरिष्ठांनी तोच नमुना नायटलमध्ये (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावणात) बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कापाच्या कडेला काळसर पट्टा होता. चाकाच्या उष्णतेनं पोलाद तिथे टेम्पर होऊन मऊ पडलं होतं. पुन्हा हळू, भरपूर पाण्यात कापल्यावर ७०५ आलं. तोवर अर्धी घाणी वितळवायला गेली होती. त्या अर्ध्या घाणीचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून नायटल लावून पाहिल्याशिवाय मी एकही आकडा लिहिलेला नाही.

प्रश्न: पंख्याचा जुना शाफ्ट सहा वर्षं चालला. त्याच मापाचा नवा करून घेतला, तो तीन आठवड्यांत पायरीवर (व्यास बदलतो तिथे) तुटला. दोन्हींची ताणचाचणी केली, ताकद सारखीच आहे. टर्नर म्हणतो माल खराब. सोबत तुटलेल्या तोंडाचा फोटो जोडला आहे. यंत्र मिनिटाला १४४० फेरे घेतं, रोज आठ तास.

फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत. तुटलेली दोन तोंडं एकमेकांवर घासून पाहू नका, तारेच्या ब्रशनं साफही करू नका. सगळी हकिगत त्यांच्यावर लिहिलेली असते.

तुमच्या फोटोत कडेपासून सुरू झालेली, ओहोटीनं वाळूवर सोडाव्यात तशी वळणं दिसतात, आणि पलीकडे एक लहानसा खरखरीत भाग आहे. वळणं म्हणजे तडा दिवसेंदिवस पुढे सरकल्याच्या खुणा. खरखरीत भाग शेवटच्या क्षणी एकदम तुटला. तो इतका लहान आहे याचाच अर्थ शाफ्टवर भार जास्त नव्हता. हा शाफ्ट थकून तुटला आहे.

फिरत्या शाफ्टला थोडासा जरी बाक असला, तरी पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. १४४० गुणिले ६० गुणिले ८ म्हणजे दिवसाला जवळजवळ सात लाख वेळा. तीन आठवड्यांत सव्वा कोटीच्या पुढे. मध्यभागी हा ताण शून्य असतो आणि पृष्ठभागावर सगळ्यात जास्त. म्हणून तडा कातडीवरच जन्मतो. ताणचाचणीत सबंध छेद एकदाच, सारखा ओढला जातो. तिला ही गोष्ट कळतच नाही.

हे कोडं जुनं आहे. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला होता. त्या काळी लोक म्हणत, हादऱ्यांनी लोखंड ‘स्फटिकमय’ होतं. स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी १८४३ मध्ये तुटलेल्या आसांचा अभ्यास मांडला. तडे पायरीच्या काटकोनातून हळूहळू आत जातात, म्हणून पायरीला वळण द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे जर्मन अभियंते व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं फेऱ्यांच्या चाचण्या केल्या. आजही ताण आणि फेऱ्यांचा आलेख त्यांच्या नावानं ओळखला जातो.

तुमच्या जुन्या शाफ्टच्या पायरीला बोट लावून बघा. तिथे गोलाई जाणवेल. नव्याला टर्नरनं अणकुचीदार कोपरा दिला असणार, बहुधा बेअरिंग खांद्याला नीट टेकावं म्हणून. त्याचा हेतू चुकीचा नाही, पण उपाय दुसरा आहे. बेअरिंगच्या कडेच्या गोलाईपेक्षा जराशी लहान अशी जास्तीत जास्त फिलेट, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, द्या. जागा नसेल तर गोल बुडाची खाच घ्या. त्या जागेवर हत्याराचे ओरखडे ठेवू नका, पॉलिश करा. जमलं तर फिलेटवर रोलर दाबून फिरवा. त्यानं कातडीत दाबाचा ताण साठतो आणि तडा उघडायला आधी तो दाब ओलांडावा लागतो. शॉट पीनिंगमध्ये बारीक छर्‍यांचा मारा करून हेच साधतात.

आणि ‘आणखी भारी पोलाद घेतो’ असं कृपा करून करू नका. पोलाद जितकं जास्त ताकदीचं, तितकं ते कोपऱ्यांना आणि ओरखड्यांना हळवं. भारी पोलादाचा एक शाफ्ट माझ्याकडे आला होता. त्यातला तडा कुठून निघाला होता, तर ठोकून उमटवलेल्या भाग-क्रमांकातल्या एका अंकाच्या कोपऱ्यातून. क्रमांक शाफ्टच्या टोकाच्या सपाट तोंडावर ठोकला असता तर तो शाफ्ट तिथून तुटला नसता.

प्रश्न: स्प्रिंगची पट्टी जास्त हार्डन केली तर ती जास्त ताठ होईल का?

नाही. पोलाद मऊ असो वा कडक, त्याचा लवचिकता-गुणांक (धातूच्या ताठपणाचं माप) २०० ते २१० गिगापास्कलच राहतो. हार्डनिंगनं पट्टी कायमची वाकण्याआधी जास्त लवू शकते, एवढंच. ताठपणा हवा तर जाडी वाढवा. जाडीचा घन लागतो, म्हणजे १० टक्के जाडीला ३३ टक्के ताठपणा.

प्रश्न: घासणारे दोन भाग जितके गुळगुळीत, तितकी झीज कमी, हे बरोबर ना?

एका मर्यादेपर्यंतच. एक हिशेब करून बघा. १ चौरस सेंटिमीटर तोंडाचा पोलादी ठोकळा पोलादावर ठेवला आणि वर १० किलो भार दिला. कठीणपणा २०० किलो प्रति चौरस मिलिमीटर असेल, तर खरोखर टेकलेलं क्षेत्र भरतं ०.०५ चौरस मिलिमीटर, दिसणाऱ्या क्षेत्राच्या दोन हजारांश. ठोकळा काही शिखरांवर उभा असतो. बाउडन आणि टेबर या संशोधकांनी घर्षणाचा उलगडा याच शिखरांवरून केला. दोन्ही तोंडं अगदी आरशासारखी आणि कोरडी असली, तर तेल राहायला जागाच उरत नाही आणि शिखरं एकमेकांना चिकटून ओरबाडतात. इंजिनाच्या सिलिंडरला होनिंगनं (घासणीच्या दगडांनी घासून) तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा मुद्दाम ठेवतात. वरची टोकं घासून सपाट, खालच्या दऱ्यांत तेल. म्हणून ड्रॉइंगवर नुसता ‘आरए ०.८’, म्हणजे खडबडीतपणाचा आकडा, मला पुरत नाही. ती सरासरी आहे. टोकदार शिखरांचा आणि सपाट पठारावरच्या दऱ्यांचा आरए तंतोतंत सारखा येऊ शकतो, पण पहिला पृष्ठभाग समोरच्याला खातो आणि दुसरा तेल धरून ठेवतो. पृष्ठभागाच्या चढउतारांची यंत्रानं काढलेली रेघ मागा.

प्रश्न: मॅडम, मी एम.टेक.ला आहे. पोलादावरच्या ३ मायक्रोमीटर टायटॅनियम नायट्राइड लेपाचा कठीणपणा मोजते आहे. नॅनोइंडेंटेशनमध्ये (अतिशय सूक्ष्म ठसे घेऊन केलेल्या चाचणीत) प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. प्रबंधात सरासरी लिहू का?

थांब, इतक्यात नको. खोली किती ठेवली आहेस ते तू लिहिलेलं नाहीस. लेपाच्या एक-दशांशाच्या, म्हणजे ३०० नॅनोमीटरच्या आत राहा, नाहीतर पहिल्या पत्रातल्या पिनेसारखं खालचं पोलाद तुझ्या उत्तरात मिसळेल. पण फार वरही राहू नकोस. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ५० नॅनोमीटर असेल आणि ठसा ६० चा, तर टोक एकदा शिखरावर पडेल आणि एकदा दरीत. तुझे आकडे विखुरलेत ते बहुधा यामुळेच.

एक काम कर. आधी फ्यूज्ड सिलिकावर (गुणधर्म ठाऊक असलेल्या शुद्ध सिलिकाच्या काचेवर) पंचवीस ठसे घे. त्याचा लवचिकता-गुणांक ७२ गिगापास्कलच्या आसपास यायलाच हवा. नाही आला, तर टोकाच्या क्षेत्रफळाचं गणित बिघडलंय. वॉरन ऑलिव्हर आणि जॉर्ज फार या संशोधकांची १९९२ ची नॅनोइंडेंटेशनची पद्धत त्या गणितावरच उभी आहे. मग लेपावर १००, १५०, २००, २५० आणि ३०० नॅनोमीटर खोलीला प्रत्येकी वीस ठसे घे आणि कठीणपणा खोलीसमोर मांड. मधे कुठे तरी रेघ सपाट होते का बघ, आणि त्या आलेखाची प्रत मला पाठव. विखुरलेले बिंदू खोडू नकोस.