टार्सियरचा कापलेला गुण: हरकत जरूर घ्या

ताई, "टार्सियर हॅप्लोऱ्हिनीत लिहिला, उत्तरतालिकेत प्रोसिमी निघाला, गुण गेला" हे तुमचं वाचलं आणि जुनी जखम उघडली. सोलापुरातच एम.एस्सी.ला असताना माझा गुण याच प्रश्नावर गेला होता. तुम्हाला माहीत आहेच, पण इतर वाचणाऱ्यांसाठी: टार्सियर हा आग्नेय आशियातला, माकडांच्या नात्यातला चिमुकला प्राणी. हॅप्लोऱ्हिनी म्हणजे माकडं-माणसांचा गट. प्रोसिमी म्हणजे लेमूर-लोरिस या माकडांच्या दूरच्या नातलगांसोबत टार्सियरला बसवणारा जुना गट.

तुमचं उत्तर बरोबर आहे. निशाचर, पायाच्या बोटांवर केस विंचरायची नखं, एवढ्यावरून जुन्या लोकांनी टार्सियरला लेमूरशेजारी बसवलं. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १९१८ मध्येच तो माकडांच्या बाजूला आणला. डोळाच बघा. बॅटरीच्या उजेडात लोरिसचा डोळा चमकतो, कारण पडद्यामागं आरशासारखा थर असतो. टार्सियरला तो थरच नाही, उलट आपल्यासारखा पीतबिंदू (पडद्यावरचा, स्पष्ट दिसण्याचा ठिपका) आहे. थर नसल्याची भरपाई म्हणूनच डोळे इतके वाढले असं मानतात. एकेक डोळा मेंदूएवढा भरतो! नाकही माकडांसारखं कोरडं. 'क' जीवनसत्त्वही आपल्यासारखंच शरीरात बनत नाही, लेमूरमध्ये बनतं. पुढं डीएनएनंही हेच सांगितलं.

मला खरं छळलं ते हरकती घेणाऱ्या कार्यालयानं. नाव घेत नाही. दर प्रश्नाला वेगळं शुल्क, वर पुरावा छापील पुस्तकाचाच हवा. शोधनिबंध दिला तर "नेटवरचं चालत नाही". आणि ग्रंथालयात पुस्तक कुठलं? ज्यातून उत्तरतालिका काढली तेच जुनं! शेवटी 'हरकत अमान्य' एवढाच शिक्का, कारण नाही. त्या गुणापायी माझा पुढचा प्रवेश हुकला. आजही संताप होतो.

म्हणून सांगतो, अर्जात वाद घालत बसू नका. 'प्रश्नात वर्गीकरणाची पद्धत दिलेली नाही, सबब हे उत्तर ग्राह्य धरावं' एवढंच लिहा. नव्या आवृत्तीचं पान जोडा, सोबत प्रकाशनवर्षाचं पानही. पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्थात माझा अनुभव जुना, नियम बदलले असतील. आधी तुमचं परिपत्रक वाचा. माझं स्पष्ट मत विचाराल तर प्रोसिमी आता फक्त इतिहास म्हणून शिकवावा.

जाता जाता, तोंडी परीक्षा असेल तर हेही बघून ठेवा. २०१० मध्ये ग्रोव्ह्ज आणि शेकेल या संशोधकांनी टार्सियस या एका प्रजातीच्या (genus) तीन प्रजाती केल्या: इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाकडचा टार्सियस, बोर्निओ-सुमात्राचा सेफॅलोपॅकस, फिलिपिन्सचा कार्लिटो. झेरॉक्सच्या नोट्समध्ये 'टार्सियस सिरिक्टा' दिसला तर तो आताचा कार्लिटो सिरिक्टा. दोन्ही नावं सांगा.